अर्ध्या युनिटची दिवाळी

दिवाळीच्या खर्चात रोषणाईचा नंबर शेवटचा लागतो. आधी बेसन, रवा, तूप. मग कपडे. मग कामाच्या मावशींचा बोनस, नणंदेची भाऊबीज, सोसायटीची वर्गणी. एवढं सगळं उरकल्यावर पाकिटात जे काही फडफडत राहतं, त्याला आमच्याकडे 'लायटिंगचं बजेट' म्हणतात. गंमत म्हणजे ज्या गोष्टीला सगळ्यात कमी पैसे लागतात, तिच्यावरच सगळ्यात जास्त चर्चा होते. तूप किलोमागे शंभर रुपयांनी महागलं तरी 'काय करणार, घ्यायलाच हवं' म्हणून आम्ही गप्प बसतो. शंभर रुपयांच्या माळेसाठी मात्र घरात अर्थसंकल्पी अधिवेशन भरतं.

आमच्या घरात वीजखातं यजमानांकडे आहे. त्यांचं धोरण स्पष्ट आहे: जुनी माळ पूर्णपणे मेल्याशिवाय नवीन आणायची नाही. आणि यजमानांच्या हातात कोणतीच माळ पूर्णपणे मरत नाही. माळ्यावर साडीच्या दुकानाची एक भली मोठी पिशवी आहे, तिच्यात आजवरच्या सगळ्या माळा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून पडलेल्या असतात. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी ती पिशवी खाली येते आणि नेमकी मी चकल्या पाडायला जे टेबल मोकळं केलेलं असतं, त्याच्यावर उलटी होते.

जुन्या माळांचं शास्त्र सोपं होतं. घरात वीज येते 230 व्होल्टची आणि तो चिमुकला बल्ब असतो सहा व्होल्टचा. म्हणून चाळीसेक बल्ब एकापुढे एक ओवायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला झेपेल तेवढंच येतं. यातली मेख अशी, की एक गेला की सगळी माळ अंधारात. मग एकेक बल्ब उपसून बघत बसा. यजमानांकडे यावर वडिलोपार्जित उपाय होता. गेलेला बल्ब काढायचा आणि त्या भोकात चॉकलेटच्या कागदाची चांदी बोळा करून कोंबायची. माळ पेटायची. नुसती पेटायची नाही, आधीपेक्षा लख्ख पेटायची, कारण गेलेल्याच्या वाटचे व्होल्ट उरलेल्यांमध्ये वाटले जायचे. एकत्र कुटुंबात एक भाऊ ऑफिसचं निमित्त काढून सटकला की बाकीचे जसे कंबर कसून राबतात आणि मग एकामागून एक आडवे होतात, अगदी तसंच. भाऊबिजेपर्यंत माळेत बल्ब कमी आणि चांदी जास्त व्हायची. (हा उपाय कोणी करू नये. आमच्याकडे त्याने दोनदा फ्यूज आणि एकदा सासूबाईंचं डोकं उडालं होतं.)

एलईडीच्या माळा आल्या तेव्हा मला वाटलं, सुटले. पण यांची तऱ्हा आणखीच वेगळी. लांब माळेत तीन-चार तुकडे असतात, प्रत्येक तुकडा आपल्यापुरता स्वतंत्र ओवलेला. त्यामुळे माळ सगळी जात नाही, मधलाच एखादा तुकडा जातो. सगळी गेली असती तर फेकता तरी आली असती!

"अगं, पाऊण माळ चालू आहे," यजमान समाधानाने म्हणतात. "बंद भाग मागे घेऊ."

"अहो, पण गॅलरीला मागची बाजू कुठे आहे?"

"ती करता येते."

आणि खरंच करतात. तुळशीची कुंडी सरकते, एसीच्या डब्यावर कापड येतं, झोपाळ्याची दिशा बदलते. लोकांच्या घरात कोणती वस्तू कुठे असावी हे वास्तुशास्त्र ठरवतं. आमच्या घरात ते माळेचा मेलेला तुकडा ठरवतो.

अगदीच नाइलाज झाला तर नवीन माळ येते, पण ती कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायची नाही. तिथे ती तीस रुपयांनी महाग पडते. पुण्यात राहून माळ घ्यायची तर तपकीर गल्लीतच घ्यायची, असा आमच्या घराण्याचा दंडक आहे. गल्लीच्या नावात तपकीर असली तरी आता तिथे मिळतात वायरी, होल्डर, पंखे आणि दिवाळीत डोळे दिपवणाऱ्या माळांचे डोंगर. कोथरूडहून तिथवर रिक्षाचं भाडं किती होतं, हा प्रश्न विचारायचा नसतो. शिवाय बुधवार पेठेपर्यंत आलोच आहोत तर लक्ष्मी रोड चार पावलांवर आहे आणि लक्ष्मी रोडवरून हात हलवत परतलेली बाई अजून जन्माला यायची आहे. अशा रीतीने तीस रुपये वाचतात.

तिथला दुकानदार मोठा तत्त्वज्ञ आहे. यजमानांनी विचारलं, "गॅरंटी काय?" त्याने माळ बोर्डात खुपसली, पेटवली, काढली आणि खोक्यात भरली.

"पेटली ना काका? झाली गॅरंटी."

"आणि घरी गेल्यावर नाही पेटली तर?"

"तर घरातली वायरिंग बघून घ्या."

त्याच दुकानात यंदा पाण्यावर चालणाऱ्या पणत्या होत्या. प्लॅस्टिकची पणती, तीत चमचाभर पाणी ओतलं की टोकाचा दिवा लागतो. आत छोटा सेल असतो आणि पाणी पडलं की दोन टोकं जोडली जातात, एवढंच. लेकीने हौसेने डझनभर आणल्या. सासूबाईंनी एक हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाल्या, "पाण्यावर दिवे शिर्डीला एकदा लागले, तेवढे पुरे आहेत."

सासूबाईंचा पक्ष मातीच्या पणत्यांचा. त्यांच्या मते विजेची रोषणाई म्हणजे पैशांची उधळपट्टी आणि पणती म्हणजे साधेपणा. हा साधेपणा लेकीने एकदा कागदावर मांडला. पंधरा पणत्या, पणतीला दहा मिलिलिटर तेल, सहा दिवस: जवळजवळ लिटरभर तेल. सासूबाई डगमगल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून चकल्या तळून उरलेलं तेल गाळून पणत्यांमध्ये जाऊ लागलं. देवापुढे मात्र तूपच, तिथे तडजोड नाही. काटकसरीचा एवढा अस्सल नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. वातीला काजळी जरा जास्त धरते आणि जिन्यात ओवा-तिळाचा खमंग वास सुटतो. वरच्या मजल्यावरचे काका लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोनदा 'सहज' डोकावून गेले ते काही आमची रोषणाई बघायला नव्हे.

समोरच्या इमारतीत सगळं निळं असतं. निळा कंदील, निळ्या माळा, निळा पडदा. निळा एलईडी बनवणं हे एके काळी महाकठीण काम होतं. लाल आणि हिरवे कधीच झाले होते, निळा काही केल्या जमत नव्हता. तो ज्यांनी जमवला त्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळ्या पुडीचा थर चढवला की पांढरा उजेड मिळतो, म्हणजे आपल्या घरातले आजचे सगळे पांढरे दिवे त्यांच्याच कृपेने. बक्षीस योग्य माणसांना गेलं, यात शंका नाही. पण रात्री साडेअकराला आमच्या बेडरूमच्या भिंतीवर तो निळा उजेड थयथयाट करू लागला की आमच्यासारख्या पीडितांसाठीही एखादं उत्तेजनार्थ बक्षीस असावं, असं वाटतं.

थयथयाटाचा कारभार त्या काळ्या डबीकडे असतो. तिला एकच बटण आणि आठ प्रकार: धावणं, लुकलुकणं, मावळणं, पुन्हा धावणं वगैरे. माणसाला हवा असलेला नुसता शांतपणे जळण्याचा प्रकार सगळ्यात शेवटी येतो. दमून-भागून तिथवर पोचावं, तर वीज जाते, आणि परत आली की डबी पहिल्या प्रकारापासून सुरू. आमच्याकडे एक डबी गाणारीही होती. ऐन आरतीच्या वेळी तिने लक्ष्मीला 'जिंगल बेल्स' ऐकवलं. सासूबाईंना ते इंग्रजी भजन वाटलं, म्हणून निभावलं.

खरा खर्च दिव्यांचा नसतोच, तो दिव्यांपर्यंत वीज नेण्याचा असतो. गॅलरीत प्लग नाही. तेव्हा हॉलमधल्या बोर्डापासून एक्स्टेंशन. त्याची पिन बारीक, बोर्डाचं भोक सैल, म्हणून मल्टिप्लग. वायर खिडकीतून बाहेर, म्हणून खिडकी दोन बोटं उघडी. त्या दोन बोटांतून पुण्यातले समस्त डास फराळाला आत. म्हणून डासांचं यंत्र, त्याची बाटली, आणि ते लावायला बोर्डात जागा उरली नाही म्हणून दुसरा मल्टिप्लग. माळ ऐंशी रुपयांची. बाकीचं बिल मी जपून ठेवलंय.

रात्री दहाला मात्र सगळं बंद. दहाचा ठोका पडला की यजमान रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासारखे उठतात आणि खटाखट बटणं खाली करतात. "बिल येतं," एवढंच कारण. यंदा लेकीने पुन्हा कागद काढला. तीन माळा पाच-पाच वॅटच्या, कंदिलात नऊ वॅटचा दिवा, एकूण चोवीस वॅट. साडेसहा ते दहा रोज चालले, तर वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत सहा दिवसांत जळतं अर्धं युनिट. सगळे आकार-अधिभार धरले तरी पाच-सहा रुपये.

"पूर्वी एवढं नव्हतं हं स्वस्त," यजमान म्हणाले. हे खरं आहे. कंदिलात आधी चाळीसचा बल्ब असायचा, काटकसर करायची तर झिरोचा. तो झिरो नुसता नावाला, खायचा बारा-पंधरा वॅट. जुन्या मीटरला एवढं थोडं कळायचं नाही, म्हणून त्याला शून्य म्हणायचे.

लेकीचा कागद अजून संपला नव्हता. आपला गिझर 2000 वॅटचा. अर्धं युनिट जाळायला त्याला लागतात पंधरा मिनिटं. नरकचतुर्दशीच्या पहाटे बाबा तो चारला लावतात आणि शेवटची आंघोळ होते साडेपाचला.

टेबलावर शांतता पसरली. सासूबाई शंकरपाळी मोजत राहिल्या. मग यजमान उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग काय उटणं लावून गार पाण्याने आंघोळ करायची?" आणि जाता जाता गॅलरीतलं बटण खाली केलं. दहा वाजले होते.

तेव्हा ज्यांना खरोखर पैसे वाचवायचे असतील त्यांनी खुशाल रात्रभर रोषणाई करावी आणि आंघोळ आटोपती घ्यावी. माळ पिवळ्या उजेडाची घ्यावी, म्हणजे समोरचे झोपतील. तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवावी, फार तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. त्यानंतर पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवावी, पिशवीत कोंबू नये.

आणि एक सूचना. आमच्याकडच्या जुन्या माळा यंदा काढून टाकायच्या आहेत, यजमान गावाला गेले की लगेच. ओळखीच्यांनी येऊन न्याव्यात. अख्खी पिशवी न्यावी लागेल, निवडून मिळणार नाही. पैसे नकोत. गॅरंटी नाही.