प्रकल्पराव

प्रकल्पराव तुमच्या ओळखीचे आहेतच. मुलगा सहावीत गेला की ते होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या तयारीला लागतात. सहावीत जमलं नाही तर ती स्पर्धा नववीलाही असते, म्हणून नववीची वाट बघतात. मधल्या काळात हात रिकामे राहू नयेत यासाठी बाल विज्ञान परिषद आहे, इन्स्पायर-मानक आहे, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. शिवाय ‘हवामान बदल : आमचे उपाय’ असल्या विषयावर कुठल्याही शाळेने, क्लबने, बँकेने स्पर्धा काढली की पहिला फॉर्म यांचा. फॉर्मवर नाव मुलाचं असतं. बाकी सगळं ‘आम्ही’. “यंदा आम्ही हवामान बदल घेतलाय.” “आमचं लिखाण झालं, फक्त निष्कर्ष राहिलेत.” निष्कर्ष राहिलेत म्हणजे कोणत्या निष्कर्षाला बक्षीस मिळतं ते अजून कळलेलं नाही, एवढंच.

आमच्या बिल्डिंगमधल्या प्रकल्परावांकडे एक पृथ्वी आहे. थर्माकोलची, चांगली कलिंगडाएवढी. चिरंजीव तिसरीत होते तेव्हा सूर्यमालेत ती गुरू होती. 2020 साली तिला टूथपिक खोचून कोरोना केलं. साथ ओसरल्यावर निळा-हिरवा हात मारून तिची पृथ्वी झाली. टूथपिकांची भोकं तशीच राहिली होती, ती 16 सप्टेंबरच्या ओझोन दिनाला कामी आली. सध्या तिच्या तोंडात थर्मामीटर आहे आणि कपाळावर ओली पट्टी. पृथ्वीला तोंड कुठे असतं हे विचारायचं नाही. आफ्रिकेच्या जरा खाली असतं.

2018 साली राज्यात बंदी आली, थर्माकोलच्या ताटवाट्या गेल्या, गणपतीची मखरं गेली. पृथ्वी मात्र राहिली. याबद्दल छेडलं तर प्रकल्पराव शांतपणे म्हणाले, “नवीन कुठे आणलीय? हा पुनर्वापर आहे.” आणि तो मुद्दा त्याच रात्री लिखाणात गेला.

स्पर्धेच्या दिवशी पृथ्वी गाडीत पुढच्या सीटवर बसते, पट्टा लावून. चिरंजीव मागे, मांडीवर ध्रुवीय अस्वल घेऊन. काचा बंद, एसी फुल. कारण ऊन लागलं की गोंद सुटतो आणि दक्षिण अमेरिका खाली येते.

पाठांतर लिफ्टमध्ये चालतं. तळमजल्याला रिओ, 1992. दुसऱ्या मजल्याला क्योटो, 1997. चौथ्याला पॅरिस, 2015, दीड अंश. पाचव्याला दार उघडता उघडता भारताचं नेट झिरो, 2070. मध्येच वीज गेली की मुलगा क्योटोत अडकतो आणि आतून “बाबा, पुढचं काय?” असा आवाज येतो. बाबा जिन्यातून ओरडून पॅरिस कळवतात.

प्रत्यक्ष प्रदर्शनात पालकांना दोरीपलीकडे उभं करतात. तिथे प्रकल्परावांचे फक्त ओठ हलतात. परीक्षकांनी विचारलं, “बाळ, हवेत कार्बन डायऑक्साइड किती?” की दोरीपलीकडे ओठ आधी आणि टेबलामागे आवाज नंतर. दहा लाख भागांत 420च्या वर. हा आकडा कुठलंच मूल चुकत नाही. आठवेना झालं तर दोरीपलीकडे बघायचं.

मी त्यांना एकदा युनिस फूट या अमेरिकन बाईंची गोष्ट सांगितली. 1856 साली बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळ्या हवा भरून आत थर्मामीटर ठेवले, नळकांडी उन्हात मांडली आणि कार्बन डायऑक्साइड असलेलं सगळ्यांत जास्त तापतं, हे दाखवून दिलं. ना थर्माकोल, ना दिव्यांची माळ. पण ऑल्बनीच्या परिषदेत बाईंचा निबंध वाचून दाखवला जोसेफ हेन्री नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने. मला म्हणायचं होतं की ज्याचं काम त्याला बोलू द्यावं. प्रकल्परावांनी मान डोलावली. “म्हणजे बघा, ही परंपराच आहे.”

हे सगळं खरं असलं तरी एक गोष्ट नाइलाजाने सांगावी लागते. गच्चीची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मला ती माहीत आहे.

गेल्या वर्षी चिरंजीवांनी एक प्रश्न काढला. स्वतःचा, कुठे छापलेला नव्हे. सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या आजी मे महिन्यात दुपारभर खालच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून का बसतात? प्रकल्परावांनी तो प्रश्न चक्क ऐकून घेतला. अहमदाबादने 2013 साली उष्म्याचा कृती आराखडा केला आणि तिथे पुढे वस्त्यांची छपरं पांढरी रंगवली, हे त्यांना पाठ होतंच. सोसायटीने हो-नाही करत गच्चीचा एक कोपरा दिला. बापलेकांनी चुन्यात फेविकॉल कालवून तिथे चौकोन रंगवला. मग रोज दुपारी दोनला चुन्याच्या चौकोनाचं तापमान आणि शेजारच्या उघड्या स्लॅबचं तापमान, वहीत समोरासमोर. त्यासाठी प्रकल्परावांनी कामावर रात्रपाळी मागून घेतली होती.

एकदा दार लावायला मी वर गेलो. मुलगा उकिडवा बसून थर्मामीटर वाचत होता. प्रकल्पराव त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे. पण छत्रीची सावली चौकोनावर पडली तर आकडा बिघडेल, म्हणून हात एवढा लांब काढलेला की ते स्वतः पूर्ण उन्हात. डोळे रात्रपाळीने लाल, टकलावर घामाचे थेंब. तोंडाने एक शब्द नाही. ओठही हलत नव्हते. मुलगा काय आकडा वाचतो ते त्यांनाच माहीत नव्हतं.

एक दिवस बरोबर दोनच्या सुमाराला वळीव आला. आकडा घेता आला नाही. वहीत तो रकाना कोरा राहिला, शेजारी चुन्याचा अंगठा उमटलेला. सोसायटीतल्या एका इंजिनिअरांनी पोक्त सल्ला दिला, “कालचा आणि उद्याचा घ्या, सरासरी टाका. कोण बघतंय?” ज्या माणसाने गुरूचा कोरोना आणि कोरोनाची पृथ्वी केली तो ताडकन म्हणाला, “घेतलंच नाही ते लिहायचं कसं?”

स्पर्धेत परीक्षकांचं बोट नेमकं त्याच रकान्यावर गेलं. “हे काय? अपूर्ण?”

मुलाने दोरीकडे पाहिलं नाही. “त्या दिवशी पाऊस आला, सर.”

“अरे, मग सरासरी काढून भरायचा ना!”

तक्ता अपूर्ण म्हणून गुण गेले. पहिलं बक्षीस एका लुकलुकत्या हरित नगराला मिळालं, ज्यातली पवनचक्की पाठीमागे टेबलफॅन लावल्यामुळे फिरत होती. आमच्या लोकांना उत्तेजनार्थ.

उत्तेजनार्थ असलं तरी तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. वर एका भावी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली त्यांच्या चार कार्यकर्त्यांचे, आणि अगदी कोपऱ्यात, मोबाइल नंबरच्या बाजूला, चिरंजीव. मजकूर : ‘पर्यावरणरत्नाचे हार्दिक अभिनंदन’. त्याच आठवड्यात सोसायटीच्या सभेत अख्ख्या गच्चीला चुना मारण्याचा विषय आला. चुन्याचे पांढरे ओघळ भिंतीवर उतरतील आणि बिल्डिंगची शोभा जाईल, म्हणून तो एकमताने फेटाळला गेला. अध्यक्षांनी आजींना एसी बसवून घेण्याची सूचना केली. ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. खर्च अर्थात आजींचा.

मला वाटलं, प्रकल्पराव आता तरी चिडतील, निदान महिनाभर गप्प बसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गेटवर स्टुलावर चढून मापाची पट्टी लावताहेत, चिरंजीव खाली स्टूल धरून. “बारा बाय आठ!” वरून आवाज आला. “आणि मागून पूर्ण पांढरा आहे हो. उलटा करून गच्चीवर अंथरला, तर भिंतीवर ओघळायचा प्रश्नच नाही. निवडणुका जवळ आल्यात, माल कमी पडणार नाही.” मग खाली उतरून, हात पुढे करून म्हणाले, “आम्ही यंदा फ्लेक्स घेतोय. किल्ली द्या जरा.”