शाल माझी, श्रीफळ माझे

प्रिय प्रकाशकसाहेब,
स. न. वि. वि.

आपल्या कृपेने मी लेखिका झाले. एरवी पहाटे साडेचारला उठून, नळाला पाणी यायच्या आत दोन पानं लिहिणारी मी एक कारकून बाई होते. आपण म्हणालात, "मॅडम, कादंबरी उत्तमच आहे, फक्त थोडा सहभाग द्यावा लागेल." सहभाग! केवढा घरगुती शब्द! आकडा निघाला ४० हजार. फ्रीजसाठी लावलेली भिशी नेमकी त्याच महिन्यात लागली. फ्रीज जुनाच राहिला. रात्री तो घरघरायला लागला की घरात कुणीच काही बोलत नाही. कुटुंबाचा पाठिंबा म्हणतात तो हाच.

त्या ४० हजारांत आपण २ हजार आयएसबीएनचे लावलेत. तो क्रमांक आपल्या देशात सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, हे मला पुढे कळलं. फुकटच्या गोष्टीलाही मोल मिळवून द्यावं ते आपणच.

प्रकाशन समारंभात सभागृहाचं भाडं माझं, बटाटेवडे माझे, शाल-श्रीफळही माझंच. ते आपण इतक्या प्रेमाने मला अर्पण केलंत की मी माइकवरून आपले आभार मानले.

आपल्या म्हणण्याप्रमाणे हजार प्रती छापल्या. शंभर माझ्याकडे आल्या. दिवाणातल्या गोधड्या माळ्यावर गेल्या. उरलेल्या नऊशेंचं विचारलं की "खप नाही." रॉयल्टी मागितली की "ग्रंथालयांकडून येणं बाकी आहे." म्हणजे पुस्तकं गेलीही आणि खपली नाहीतही. कल्पनाशक्ती लेखकाकडे असते, हा माझा गैरसमज आपण दूर केलात.

आपल्या दीड पानी करारात हक्क आपल्याकडे राहण्याची मुदत लिहायची राहून गेली. कॉपीराइट कायदा, १९५७ मात्र ती विसरलेला नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरावी, असं कलम १९(५) सांगतं. करार २०१८ चा. तेव्हा २०२३ पासून कादंबरी पुन्हा माझी आहे. नवी आवृत्ती काढायचे कष्ट घेऊ नयेत.

आणि भिशीकडे डोळे लावून बसलेल्या नव्या लेखकांनो, सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर शोधा: मुदत, प्रतींची संख्या आणि हिशेब देण्याची तारीख.

साहेब, किंमत २५० रुपये, रॉयल्टी १० टक्के, प्रती नऊशे. २२,५०० होतात. तेवढ्यात फ्रीज येतो.

आपली,
एक सहभागी लेखिका