थोरली पाती मधाची, धाकटी साखरेची

वजन घटवू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांत मध आणि साखर यांना जे स्थान मिळाले आहे ते आहारशास्त्राने दिलेले नसून घराण्याच्या मानापानातून आलेले आहे, आणि ते समजून घ्यायला देवासचा इतिहास जितका उपयोगी पडतो तितका कॅलरीचा कोणताही तक्ता पडत नाही. पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी अठराव्या शतकात हा मुलूख आपसांत वाटून घेतला. त्यातून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने उभी राहिली, त्यांची गावे एकमेकांत गुंतून राहिली, आणि पुढे खुद्द देवास शहरातील मुख्य रस्त्याची एक बाजू एका दरबाराकडे व दुसरी बाजू दुसऱ्याकडे जाऊन दिवाबत्ती आणि पाणीपुरवठा यांच्याही व्यवस्था निराळ्या झाल्या. थोरलेपणाचा मान अबाधित राहिला. इंग्रजांनी मात्र तोफांची सलामी दोन्ही गाद्यांना १५ चीच ठेवली. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, परंतु थोरल्याधाकट्याची ती रीत देवासजवळच्या सोनकच्छपासून पुण्यापर्यंतच्या स्वयंपाकघरांनी जतन केली आहे. तेथे मध थोरल्या पातीचा आहे, साखर धाकट्या पातीची, आणि तोफा मोजण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

त्या मोजल्यास अडचण उभी राहते. कॅलरी, म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेचे माप, १०० ग्रॅम साखरेत सुमारे ३८७ आणि १०० ग्रॅम मधात सुमारे ३०४ भरते, आणि मधाचे समर्थक येथेच थांबून समाधानाने वही मिटतात. वस्तुतः हा फरक मधाच्या सात्त्विकतेचा नसून त्यातील सुमारे १७ टक्के पाण्याचा आहे. शिवाय भारतीय स्वयंपाकघरात पदार्थ तराजूने नव्हे तर चमच्याने मोजले जातात, आणि मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्यामुळे चहाच्या एका चमच्यात तो ७ ग्रॅम मावतो, तर सपाट चमचाभर साखर जेमतेम ४ ग्रॅम भरते. त्यामुळे चमच्यागणिक मधाच्या २१ कॅलरी होतात आणि साखरेच्या १६. साखरेच्या जागी तेवढेच चमचे मध घेऊन वजन घटवणारा मनुष्य अशा रीतीने प्रत्येक चमच्यामागे ५ कॅलरींचा नजराणा थोरल्या पातीला पेश करीत असतो. चमच्याला चिकटून राहिलेला आणि बोटाने पुसून खाल्लेला मध या हिशेबात धरलेला नाही, कारण तो खाणाराही धरीत नाही. मधातील फ्रुक्टोज ही शर्करा साखरेहून गोड असल्याने मध कमी लागतो, हा युक्तिवाद तत्त्वतः खरा आहे. परंतु फ्रुक्टोजची ही जादा गोडी गरम पेयात बरीच ओसरते, आणि जो पदार्थ औषध म्हणून घेतला जातो त्याचा हात आखडता घेण्याची प्रथा आपल्याकडे नाही.

रसायनशास्त्रानेही दोन्ही घराण्यांचे मूळ एकच असल्याचा निवाडा दिलेला आहे. साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोजच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोज व फ्रुक्टोज ही जोडी एकमेकांना बांधलेली असते. फुलांच्या मधुरसातही बहुधा सुक्रोज असतेच, आणि मधमाशी आपल्या शरीरातील इन्व्हर्टेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने ती जोडी फोडते. मनुष्याने चहातून साखर घेतली असता हेच काम त्याचे लहान आतडे करते. तेव्हा मध खाणाऱ्याचे जे काही श्रम वाचतात ते आतड्याचे, आणि श्रम वाचवून वजन घटल्याचे उदाहरण वैद्यकात आढळत नाही.

मधात खनिजे आणि जीवनसत्त्वे असतात, हे या वादातील हुकमी पान होय. ती असतात. १०० ग्रॅम मधात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. ही गरज केवळ मधावर भागवायची असल्यास तिला रोज सुमारे सात किलो मध खावा लागेल आणि त्यासोबत सुमारे २१,००० कॅलरी, म्हणजे साधारण दहा दिवसांचे अन्न, आनुषंगिक लाभ म्हणून पदरात पडेल. टोरांटो येथील संशोधकांनी २०२२ मध्ये अठरा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा मधामुळे उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि कोलेस्टेरॉल यांत थोडी सुधारणा दिसली, हे नोंदवणे न्यायाचे आहे. वजनाच्या काट्याने मात्र अशी कोणतीही कृपा केली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१५ मध्ये थोरल्या पातीचा उघड अवमानच केला. बाहेरून मिसळलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस या सर्वांना तिने ‘मुक्त शर्करा’ या एकाच नावाखाली बसवले, त्यांपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावी असे सांगितले, आणि ५ टक्क्यांच्या, म्हणजे जेमतेम सहा चमच्यांच्या, खाली आणल्यास अधिक बरे असेही सुचवले. जिनिव्हात बसून देवास न पाहिलेल्या लोकांकडून याहून निराळी अपेक्षा नव्हती.

काळी सिंध नदीच्या काठी, इंदूर-भोपाळ मार्गावर वसलेल्या सोनकच्छात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गावाजवळ पुष्पगिरी हे दिगंबर जैनांचे तीर्थ आहे, आणि जैन श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाश्रमी अनुयायाच्या, मूळ गुणांत मद्य व मांस यांच्या जोडीने मधाचाही त्याग सांगितलेला आहे. पोळे लुटताना होणारी जीवहिंसा हे त्याचे कारण. शहरांत ज्या पदार्थाची जाहिरात पावित्र्याचा अर्क म्हणून होते तो येथे दारूच्या पंगतीस बसतो, आणि ज्या साखरेला शहरी आहारतज्ज्ञ ‘पांढरे विष’ म्हणतात ती भोजनशाळेत निर्धास्त वावरते. जैन गृहस्थाच्या या त्यागामागे निदान एक सुसंगत विचार आहे, तसा तो कोमट पाण्यात मध-लिंबू घेऊन प्रभातफेरीला निघालेल्या गृहस्थाच्या कृतीमागे सापडत नाही, कारण फेरी संपते ती पोह्यांच्या गाडीपाशी. माळव्याच्या पोह्यांत साखर मुळातच पडलेली असते. वर शेव आणि जिरावण हा मसाला येतो, बाजूला जिलबी येते, आणि पहाटे मध घेतलेला असल्यामुळे जिलबी ही आहारात नव्हे तर सामाजिक शिष्टाचारात जमा होते. दरबारी मुजरा करून आलेल्या माणसाला बाजारात कोणी हटकू नये, अशी त्याची समजूत असते.

महाराष्ट्रात या घराण्यांना राजाश्रयही आहे. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून साखरेच्या पाठीशी सहकार आहे, आणि मधाच्या पाठीशी संस्कार. मधाच्या बाजूने खरे काम करणारेही आहेत: पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तेथील मधपाळ मध विकतो. तो पोट कमी करून देण्याचे वचन विकत नाही. ते वचन बाटलीच्या कागदावर चिकटवण्याचे काम दूरच्या शहरांत होते, आणि कधी कधी बाटलीत मधही तेथेच तयार होतो. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने २०२० च्या डिसेंबरात जाहीर केलेल्या तपासणीत १३ ब्रँडच्या २२ नमुन्यांपैकी ७७ टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळल्याचे सांगितले. संबंधित कंपन्यांनी ते नाकारले. या तपासणीतून कळलेली मेख अशी की ऊस किंवा मका यांपासून केलेला पाक जुन्या चाचण्यांना ओळखता येतो, म्हणून त्या चाचण्यांतून निसटून जाणारे, तांदळासारख्या पिकांपासून केलेले पाक बाजारात आले, आणि त्यांना पकडण्यासाठी अणुचुंबकीय अनुनाद ही रेणूंची ठेवण वाचणारी पद्धत वापरावी लागली. थोरल्या पातीच्या गादीवर दत्तक बसवण्याची प्रथा संस्थानांबरोबर संपली, हा समज त्या दिवशी दूर झाला. साखरेच्या कितीतरी पट दाम मोजून घरी आणलेला तो पाक श्रद्धेने खाणाऱ्याने साखर सोडलेली असते, एवढे मात्र त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

शेवटी सर्व भार आयुर्वेदावर टाकला जातो, आणि तो टाकणाऱ्यांनी आयुर्वेद वाचलेला नसल्यामुळे तो निमूटपणे पेलतोही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचा विचार आहे, त्यांत अतिस्थूल शरीरावर उपाय म्हणून गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा यांच्या सोबत मधाचाही उल्लेख येतो, आणि मधाचा ‘लेखन’ गुण, म्हणजे साचलेला मेद खरवडून काढण्याचा गुण, आयुर्वेदाला मान्य आहे. मात्र त्याच अध्यायात सातू, मूग आणि कुळीथ यांचा आहार सांगितला आहे, आणि स्थूलपणा सोडू इच्छिणाऱ्याने जागरण, कामसेवन, व्यायाम आणि चिंतन ही क्रमाक्रमाने वाढवावीत असेही म्हटले आहे. यांपैकी जागरणाची सोय मोबाइलने व चिंतनाची गृहकर्जाच्या हप्त्यांनी लावून दिली असून कामसेवनाबद्दल विश्वसनीय आकडेवारी मिळत नाही. राहता राहिला व्यायाम, आणि तेवढा एक अपवाद करून उरलेला अध्याय मधाच्या चमच्यात बसवण्यात आला आहे. त्याशिवाय चरकाने उष्ण मध घातक ठरवला असताना तो गरम पाण्यात ढवळून घेण्याची रूढी नेमकी त्याच्याच नावाने चालते, हे ग्रंथप्रामाण्याचे स्वतंत्र उदाहरण होय.

सुश्रुताने तर याहून मोठा पेच टाकला आहे. त्याच्या मते नवा मध बृंहण, म्हणजे शरीर भरून आणणारा, असतो, आणि मेद हरण करण्याचा गुण ‘पुराण’, म्हणजे साठवून जुन्या झालेल्या, मधात येतो; जुना म्हणजे किती, तर परंपरेने साधारण वर्षभराचा. या कसोटीवर ‘ताजा, नुकताच पोळ्यातून काढलेला’ अशी ग्वाही देऊन विकला जाणारा मध वजन वाढवू इच्छिणाऱ्यांनी घ्यावा हे ओघानेच येते. सुदैवाने मराठी घरांत पुराण मध तयार करण्याची एक अनायास पद्धत रूढ आहे. जानेवारीत संकल्पाबरोबर आणलेली बाटली फेब्रुवारीत फडताळाच्या मागच्या रांगेत लोणच्याच्या बरणीआड जाते, तेथे तिला कोणी हात लावीत नाही, आणि पुढचा संकल्प उगवेपर्यंत तिच्यात सुश्रुताला अभिप्रेत असलेला गुण पूर्णत्वास पोहोचलेला असतो. अडचण एवढीच की ती बाटली अस्सल, आणि त्यातून मोहरीच्या फुलोऱ्याच्या मधाची असेल तर ग्लुकोजचे प्रमाण जास्त असल्यामुळे एव्हाना तिच्या तळाशी दाणे धरलेले असतात, ते दाणे म्हणजे साखर मिसळल्याचा पुरावा असे घरातील ज्येष्ठांचे ठाम मत पडते, आणि बाटली मोरीत रिकामी होऊन त्याच संध्याकाळी बाजारातून नवा, पातळ, लखलखीत आणि वर्षभर दाणा न धरणारा मध आणला जातो.