पायरी नसलेलं कोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. २०२० साली एका विषाणूने हे भलतंच मनावर घेतलं आणि पायरीच काढून टाकली. शहाणे आणि खुळे दोघेही घरात बसले, कोर्ट मोबाईलमध्ये शिरलं.

६ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने घटनेच्या कलम १४२ खालचा खास अधिकार वापरून देशभरच्या न्यायालयांना व्हिडिओ सुनावणीची वाट मोकळी करून दिली. टाळेबंदीला दोन आठवडेही झाले नव्हते. आपल्याकडे दोन आठवड्यांत साधं समन्स बजावून होत नाही, त्यामुळे हा वेग पाहून जाणकारांना भरून आलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाचे नवे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता कोलकात्याहून मुंबईपर्यंत चक्क मोटारीने आले. विमानं बंद होती, म्हणून दोनेक हजार किलोमीटर रस्त्याने. बाकीच्यांना तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात जायचं तरी ई-पास लागत होता.

आता त्याच दिवसांतला, पाटणच्या खोऱ्यातला एखादा आबा डोळ्यांसमोर आणा. नाव नको, असे आबा वाडीगणिक सापडतील. आबाचा दावा बांधाचा. चुलतभावाने चार हात बांध सरकवला, एवढंच प्रकरण. एसटी बंद, आणि तालुका कोर्टात फक्त तातडीचं काम: रिमांड, जामीन, फार तर एखादा स्टे. आबाचा बांध काही तातडीत बसला नाही. शेतीकामाला मात्र टाळेबंदीतून सूट होती. म्हणजे चुलतभावाचा नांगर सरकारी परवानगीने चालू आणि आबाचा मनाईअर्ज सरकारी आदेशाने बंद.

कायद्याने सोय केली नाही असं नाही. अपील, अर्ज दाखल करण्याच्या मुदतीचं घड्याळ सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० पासून थांबवलं, ते शेवटी २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत थांबलेलंच धरलं गेलं. घड्याळ कायद्याचं थांबलं. आबाचं वय, बायकोचा दमा आणि सोसायटीचं व्याज यांना त्या आदेशाची प्रत कुणी पाठवली नव्हती.

बरं, समजा आबाची सुनावणी लागलीच असती पडद्यावर. पडदा कुठाय? महामारीच्या दोन-तीन वर्षं आधीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या खेड्यांतल्या शंभर घरांपैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती, आणि संगणक चार-पाच घरांत. ज्या कोयनेच्या पाण्यावर राज्यभर दिवे लागतात, तिच्या काठच्या वाड्यांत मोबाईलला दांडी मिळवायची तर टेकडी चढावी लागते. पायरी गेली, टेकडी आली. आणि टेकडीवर वकील कुठला? त्याच्याकडे तरी लॅपटॉप होता का? संसदेच्या स्थायी समितीने सप्टेंबर २०२० मध्ये आभासी न्यायालयांवर मोठा अहवाल दिला. न्यायालय ही जागा नसून सेवा आहे, असा त्याचा सूर होता. त्याच अहवालात खालच्या कोर्टांतल्या कितीतरी वकिलांकडे लॅपटॉप नाही, हीसुद्धा नोंद होती. सेवा आहे, पण आपण सेवाक्षेत्राच्या बाहेर आहात.

जुलै २०२१ मध्ये तर महाबळेश्वरात एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळला, पाटणकडच्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर डोंगर खाली आला, आणि इकडे कृष्णा सांगलीच्या बाजारपेठेत शिरली. ते आठवडे कोण कुठल्या पडद्यावर हजर होतं, हे विचारू नये.

पडद्याची गोष्ट मुळात सुरू झाली आपल्याच राज्यात. मुंबईतल्या एका कर्करोगाच्या रुग्णाच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष हवी होती. डॉक्टर भारतात यायला तयार नव्हते. १ एप्रिल २००३ रोजी, ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या निकालात, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की साक्ष व्हिडिओवरून घेता येईल. ‘हजर’ म्हणजे देहानेच हजर असं नाही. तारीख एक एप्रिल असली तरी निकाल गंभीर होता. म्हणजे पडदा कायद्यात आला तो न्यूयॉर्कच्या माणसाला विमानात बसायचं नव्हतं म्हणून, आणि पाटणच्या माणसापर्यंत त्याची आशा पोचली सतरा वर्षांनी, त्याला एसटी मिळत नव्हती तेव्हा.

मी पडद्याचा वैरी नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी घ्या. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात हा माणूस तामिळनाडूपासून बंगालपर्यंत कुठेही असतो आणि त्याचा वाटणीचा दावा असतो विट्याला. दुकान बंद ठेवून दोन दिवस रेल्वेने यायचं, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं, ‘साहेब रजेवर’ ऐकायचं, पुढची तारीख घ्यायची, दोन दिवस परत. एवढ्यासाठी पडदा अमृत आहे! तारीख घ्यायला माणूस कशाला लागतो? तारीख म्हणजे एक आकडा. तो फोनवरही मावतो.

आणि नेमकं इथेच सगळं उलटं झालं. महामारी ओसरल्यावर तालुका कोर्टं कधी एकदा माणसं समोर दिसतात म्हणून परत भरली. व्हिडिओचे नियम आहेत, अर्ज करता येतो, परवानगी मिळूही शकते. पण वकिलाला फोन केला की तो हळूच म्हणतो, “तुम्ही आलेलं बरं.” म्हणजे तारखेला माणूस लागतोच.

पडदा मात्र टिकला तो जिथे माणूस समोर हवा तिथे. अटक केलेल्याला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हा नियम कशासाठी? चेहरा पाहायला नव्हे. चालताना लंगडतोय का, पाठ टेकवता येते का, पोलिसाकडे बघून बोलतोय का, हे पाहायला. महामारीत रिमांड पडद्यावरून झाले. कॅमेऱ्यात तोंड दिसतं, तळपाय दिसत नाहीत. पुढे १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने चौकशी, साक्ष, खटला असं बरंच काही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायला कायमची मुभा देऊन टाकली.

किंवा पोटगीचा, मारहाणीचा अर्ज घ्या. टाळेबंदीत मारणारा चोवीस तास घरात, आणि घरात मोबाईल एकच, तोही त्याच्या खिशात. बाईने लिंक कुठल्या खोलीत उघडायची? ज्या घरातून सुटायचं त्याच घरात कोर्ट भरवलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच नवरा-बायकोच्या दाव्यांत व्हिडिओला दोन विरुद्ध एक मतांनी आवर घातला होता, समेटाची बोलणी समोरासमोर व्हावीत म्हणून. तीन वर्षांनी तो आवर कोण लक्षात ठेवतो?

सातारा-सांगलीला हे सगळं नवं वाटायचं कारण नाही. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, ते तोंडावर. व्हिडिओ असता तर दादांनी शास्त्रीबुवांना म्यूट केलं असतं आणि ‘नेटवर्क प्रॉब्लेम’ म्हणून मोकळे झाले असते. मग १९४३ नंतरचं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता. प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावात बसून बांधाचे, गहाणाचे, सावकारीचे तंटे मिटवायची. स्टॅम्प नाही, वकील नाही, पुढची तारीख नाही. त्यात सगळं सोज्वळ होतं असं समजू नका. काही निकाल तळपायांवर लिहिले जात, ‘पत्री सरकार’ हे नाव उगाच नाही पडलं. पण कोर्ट पक्षकाराच्या दारात जाऊ शकतं, हे या मुलखाने रेंज, रिचार्ज आणि लिंक यांच्याशिवाय एकदा करून पाहिलेलं आहे.

शिवाय पडद्यावर कोर्टाचं आवार येत नाही. झाडाखालचं वकिलाचं टेबल, टायपिंगवाला, स्टॅम्पवाला, झेरॉक्स, आणि मुख्य म्हणजे चहाची टपरी. निम्म्या भाऊबंदक्या मिटतात त्या टपरीवर. वर्षानुवर्षं न बोलणारे दोघे चुलते एकाच बाकड्यावर येतात, चौकशी निघते, “पोरीचं जमलं का?” आणि तिथून तडजोडीचा कागद तयार होतो. व्हिडिओत म्यूटचं बटण आहे, बाकडं नाही.

म्हणून तर गंमत बघा. अंतर पडद्याने मिटलं असतं, तर कोल्हापूरला खंडपीठ द्या म्हणून सहा जिल्ह्यांचे वकील महामारीनंतरही कशाला भांडत राहिले असते? चार दशकांची ती मागणी. सांगली-मिरजेचा पक्षकार रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचा, फोर्टात दिवसभर बसायचा, पुन्हा रात्रीच्या गाडीने परत. शेवटी १७ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. गुलाल, पेढे, फटाके. लिंक मिळाली म्हणून कुणी पेढे वाटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आबाचा बांध मात्र अजून पाटणलाच अडकलाय. खालच्या कोर्टात निकाल लागेल, मग अपील, मग कधीतरी कोल्हापूर. वकिलाने त्याला सांगितलं, “आबा, आता वर जायची वेळ आली तरी मुंबईला जायला नको, कोल्हापुरातच होईल.” आबाने गुडघ्यावरून हात फिरवला. “तितं पायऱ्या किती हायत?”