सव्वा तासाचा हंगाम

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलचा हंगाम सव्वा तासाचा असतो. दहा-दहा मिनिटांची चार क्वार्टर, मधली विश्रांती, टाइमआउट, पंचांशी हुज्जत आणि बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्तानं खाली बसून घेतलेला दम, असं सगळं धरून सव्वा तास. वर्षाचा उरलेला वेळ आम्ही चाहते त्या सव्वा तासात काय चुकलं ते शोधण्यात घालवतो. विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीनं सुरू होते. जिंकलात तर पुढची फेरी, हरलात तर परतीची गाडी. आमच्या पोरांना परतीच्या गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ आहे.

कॉलेजचं नाव सांगत नाही. वर्ध्यातलं आहे, एवढं पुरे.

यंदा मात्र हंगाम चांगला दोन फेऱ्यांचा झाला, कारण पहिल्या फेरीत आम्हाला बाय मिळाली. समोर कोणीच नसल्यामुळे आमच्या खेळात एकही चूक झाली नाही. लगेच चौकात फ्लेक्स लागला : ‘दुसऱ्या फेरीत धडक मारल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खेळाडू खालच्या पट्टीत पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि वर शुभेच्छुक पुरुषभर उंचीचे. फ्लेक्सच्या मधोमध जो चेंडू छापला होता तो व्हॉलीबॉलचा होता. पण उत्साहात असं चालायचंच. फ्लेक्स उतरायच्या आत संघ उतरला. दुसऱ्या फेरीत नागपूरच्या एका कॉलेजनं आमच्या जवळजवळ दुप्पट गुण केले आणि पोरांना संध्याकाळच्या गाडीसाठी वेळेवर मोकळं केलं.

आणि आमचा खरा हंगाम सुरू झाला.

आर्वी नाक्याजवळच्या एका टपरीवर आमची बैठक भरते. इतर गावांत पराभव कशात बुडवतात ते ऐकून माहीत आहे. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, निदान सरकारी कागदावर तरी. त्यामुळे आम्हाला तो चहात बुडवावा लागतो आणि चहात पराभव बुडत नाही, नुसता भिजतो. सोबत कोणीतरी आणलेला गोरस पाक असतो. तो फोडत फोडत आम्ही संघ फोडतो.

बैठकीचे अध्यक्ष सर. निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांची शिट्टी अजून खिशात असते आणि चहा यायला उशीर झाला की ती वाजते. दुसरे कॅशियरसाहेब. बँकेतून सुटले, पण खतावणीतून सुटले नाहीत. प्रत्येक मॅचची नोंद ते वहीत करतात आणि हुकलेले फ्री थ्रो नावांनिशी थकबाकीत दाखवतात. तिसरे मेडिकलवाले भाऊ. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या पराभवांचं मूळ कॅल्शियमच्या कमतरतेत आहे. चौथे देवळीचे पैलवान काका. देवळी म्हणजे कुस्तीचं गाव, त्यामुळे दोन माणसं समोरासमोर आली आणि एकही आडवा झाला नाही, तर काकांना तिकिटाचे पैसे वाया गेल्याचं दुःख होतं. बास्केटबॉलला तिकीट नसतं, तरी होतं. पाचवा मी. विद्यार्थिदशेत मी याच संघाचा बारावा खेळाडू होतो आणि पाण्याच्या बाटल्या फार उत्तम सांभाळत असे.

पहिला मुद्दा निघतो तो बोर्डाचा. इथं जरा थांबून सांगायला हवं. आमच्या कोर्टावरचा बोर्ड प्लायवुडचा आहे. एवढे पावसाळे पिऊन त्याची खालची कड फुगली आहे आणि पापुद्रे सुटले आहेत. त्यावर चेंडू मारला की ‘ठण्’ असं न वाजता ‘भद्द’ असं वाजतं आणि चेंडू जागच्या जागी जीव सोडून रिंगमध्ये पडतो. पोरांचा हात या हिशेबानं बसलेला. कितीही जोरात मारा, जोर बोर्ड पितो. नागपूरला काचेचा बोर्ड होता. तिथं आमच्या कॅप्टननं घरच्या जोरानं मारलेला पहिलाच चेंडू बोर्डावरून जो सुटला, तो थेट प्रेक्षकांतल्या एका सद्गृहस्थांच्या आलूबोंड्यावर. त्या क्षणी कॅप्टनच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं, ते न्यूटनच्या चेहऱ्यावरही नसेल.

दुसरी गोष्ट उंचीची. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर असावी असा जागतिक नियम आहे. आमचीही होती. पण कोर्टाची दुरुस्ती म्हणजे जुन्या काँक्रीटवर नवं काँक्रीट, असं दोनदा झालं. खांब जिथल्या तिथं राहिले आणि जमीन वर आली. आता आमची रिंग नियमापेक्षा वीतभर खाली आहे. त्यामुळे आमचा सेंटर घरच्या कोर्टावर डंक मारतो. गावातली लहान मुलं ते बघायला येतात. नागपूरला तोच सेंटर तेवढ्याच तडफेनं उडाला, हवेत थोडा वेळ वाट पाहिली आणि रिंग न आल्यामुळे खाली आला.

कोर्टावर सकाळी स्कूटी शिकणाऱ्या ताई आठ काढतात, उन्हाळ्यात मागच्या क्वार्टरांमधल्या कुरड्या वाळतात आणि गणपतीत थ्री पॉइंट लाइनवर मंडपाचे खड्डे पडतात. आमचा पॉइंट गार्ड त्या खड्ड्यांना चुकवत ड्रिबल करायला शिकला आहे. नागपूरच्या लाकडी कोर्टावर खड्डा नव्हता, तरी तो सवयीनं त्याच जागी वळला. बघणाऱ्याला वाटलं, काय सुंदर डावपेच आहे!

“बोर्ड राहू द्या,” कॅशियरसाहेब वही उघडतात. “फ्री थ्रोवर कोण आडवं आलं होतं? समोर माणूस नाही, हात नाही, काही नाही. तीनातला एक पडला. हा एनपीए आहे.”

“कॅल्शियम,” मेडिकलवाले भाऊ म्हणतात.

मग येतात चोवीस सेकंद. चेंडू हातात आला की चोवीस सेकंदांत बास्केटकडे मारलाच पाहिजे, हा नियम अमेरिकेच्या एनबीएनं 1954 साली आणला. तो काढला सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी. त्यांचा हिशेब सोपा होता. रंगतदार मॅचमध्ये दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा बास्केटकडे मारतात आणि मॅच असते 48 मिनिटांची, म्हणजे 2880 सेकंदांची. भागाकार चोवीस. कॅशियरसाहेबांना या माणसाबद्दल नितांत आदर आहे. आम्हा बाकीच्यांना नाही. वर्ध्यात चोवीस सेकंदांत कोणी ‘काय म्हणता’ला उत्तरही देत नाही. आमच्या कोर्टावर ते घड्याळ नाही, त्यामुळे पोरांना विचार करून खेळायची सवय. नागपूरला भोंगा वाजला तेव्हा कॅप्टननं चेंडू काखेत धरून आजूबाजूला पाहिलं, की कोणाचा फोन वाजून राहिला. फास्ट ब्रेकचं तर नाव काढू नये. आमचा फास्ट ब्रेक म्हणजे पुलगाव–आर्वी शकुंतला. निघाली हे सगळ्यांना दिसायचं, पोचेपर्यंत उतरून चहा पिऊन पुन्हा चढता यायचं.

यानंतर पैलवान काकांचा संयम सुटतो.

“मले एक सांगा सर, एका पोट्ट्याले किती फाऊल माफ आहेत?”

“पाचव्याला बाहेर.”

“म्हंजे चार त फुकटातच! बारा पोट्टे, चोक अठ्ठेचाळीस. आपल्यायनं किती वापरले?”

कॅशियरसाहेब वही बघून सांगतात, “नऊ.”

“मंग बाकीचे परत करून आले का ते? कोणासाठी वाचवून राहिले होते?”

“काका, सेवाग्राम इथून आठ किलोमीटरवर आहे,” सर हळूच म्हणतात. “पोरांवर परिणाम होणारच. समोरचा आला की आपले पोरं बाजूला होऊन त्याचं हृदयपरिवर्तन व्हायची वाट पाहतात.”

“त्यानं बास्केट केला ना पण!”

“प्रत्येक वेळी,” कॅशियरसाहेब नोंद दाखवतात.

सरांचा स्वतःचा सिद्धांत मात्र सगळ्यांत भव्य आहे. तो खेळाचा नसून प्रशासनाचा आहे. नागपूर विद्यापीठ 1923 सालचं. एके काळी अख्ख्या विदर्भातली कॉलेजं त्यात होती, त्यामुळे एवढ्या गर्दीत आपला नंबर लागेना. 1983 साली अमरावतीचं विद्यापीठ वेगळं झालं. ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं, ती अमरावती आपोआप आपल्या वाटेतून दूर झाली. 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली गेले. आता उरले नागपूर, भंडारा, गोंदिया आणि आपण. “म्हणजे बघा,” सर बोटं मोडत म्हणतात, “एक विद्यापीठ अजून वेगळं झालं की झालं. स्वतंत्र वर्धा विद्यापीठ! मग फायनल आपलीच.”

“हिंगणघाटवाले हरवतील ना सर,” मी म्हणतो.

सर विचारात पडतात. “मग स्वतंत्र तालुका विद्यापीठ.”

निदान झालं की सांत्वनाचा क्रम लागतो. हाही ठरलेला आहे. पहिलं सांत्वन विदर्भाच्या क्रिकेटचं. विदर्भ 1957–58 च्या हंगामात रणजीत उतरला आणि पहिला करंडक हाती आला तो 1 जानेवारी 2018 रोजी, इंदुरात, दिल्लीला हरवून. साठ वर्षं लागली. सरांच्या मते आपणही त्याच वाटेवर आहोत, फक्त थोडे अलीकडे. दुसरं सांत्वन कमी गुणांचं. 22 नोव्हेंबर 1950 रोजी एनबीएच्या एका सामन्यात फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना 19–18 असं हरवलं होतं. आपल्या पोरांनी एकोणिसापेक्षा जास्त केले होते, म्हणजे त्या दिवशी आपण तिथं असतो तर जिंकलो असतो.

तिसरं आणि सर्वांत मोलाचं सांत्वन खुद्द जेम्स नेस्मिथ यांचं. या गृहस्थांनी डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, थंडीत पोरांना घरात खेळायला काहीतरी हवं म्हणून, गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि हा खेळ काढला. टोपलीला बूड होतं. चेंडू पडला की वर जाऊन काढून आणावा लागे. पहिली मॅच 1–0 अशी संपली, त्यामुळे फार चढउतर करावी लागली नाही. पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले. तिथं त्यांच्या संघाने 55 सामने जिंकले आणि 60 हरले. कॅन्ससच्या सगळ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला हा एकटाच, आणि तोच खेळाचा जनक! हे सरांनी सांगितलं की टपरीवर समाधान पसरतं. ज्यानं खेळ काढला त्याला जमला नाही, तर आपल्या पोरांचं काय घेऊन बसलात?

“त्याच्याच नियमानं खेळते आपला सेंटर,” पैलवान काका म्हणतात. सुरुवातीच्या नियमांत चेंडू हातात आला की जागचं हलायला मनाई होती.

असं करत करत उन्हाळा जातो आणि प्रवेशाचे दिवस येतात. तेव्हा आमची बैठक टपरीवरून कॉलेजच्या फाटकावर हलते. काम एकच, रांगेत उंच पोरगा शोधणं. यंदा दिसला. कारंजा घाडगेच्या बसमधून उतरलेला, रांगेतल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून नोटीस बोर्ड वाचू शकणारा. सरांनी शिट्टी चाचपली. कॅशियरसाहेबांनी वहीचं कोरं पान उघडलं. मेडिकलवाल्या भाऊंनी कॅल्शियमची स्ट्रिप आणलीच होती. तो अर्ज भरेस्तोवर आम्ही उपांत्य फेरी जिंकली होती.

“बाबू, बास्केटबॉल खेळतोस का?” सरांनी मधाळ आवाजात विचारलं.

“नाही काका. मी बहिणीची फाइल धरून आलो. ॲडमिशन तिची आहे.”

बहीण पुढं आली. भावापेक्षा चार बोटं कमी, पण नजर धारदार. “मी खेळते. शाळेच्या टीममधी होती. याले बॉलचा भेव वाटते.”

आम्ही तिला मोठ्या सन्मानानं कोर्टावर नेलं. बोर्डाचं चरित्र सांगितलं, जमीन कशी वर आली ते सांगितलं, खड्डे दाखवले, नागपूरची काच सांगितली. तिनं सगळं ऐकलं. चेंडू घेऊन एकदा बोर्डावर मारला. भद्द. मग बोर्डाच्या कडेकडं बघत म्हणाली, “काका, हे सडलं आहे. बदलत काऊन नाही?”

कोणीच बोललं नाही. एवढ्या वर्षांच्या बैठकांत हा मुद्दा कधी निघालाच नव्हता.

त्या संध्याकाळी टपरीवर तातडीची बैठक झाली. वर्गणी काढून नवा बोर्ड बसवावा, यावर एकमत झालं. कॅशियरसाहेबांनी यादी केली, पैलवान काकांनी सगळ्यांत आधी नोटा काढून ठेवल्या. मग चहा आला आणि मेडिकलवाल्या भाऊंनी हळूच शंका काढली. सध्या चर्चा त्याच एका शंकेवर अडली आहे : बोर्ड नवा आला, तर पुढच्या वर्षी हरायचं कारण काय सांगायचं?