साहेबांचे मौन आणि इतरांची पायपीट

ज्या व्यवसायात समोरच्याचे समाधान हा पक्का माल आणि स्वतःची झोप हा कच्चा माल असतो, त्यास ग्राहकाभिमुख व्यवसाय म्हणतात. आणि हा कच्चा माल कधीच संपणार नाही, ही वरिष्ठांची श्रद्धा अढळ राहावी म्हणून भरविल्या जाणाऱ्या शिबिरांत ज्या तत्त्वाचे निरूपण होते, त्यास ‘काम आणि जीवन यांचा समतोल’ अशी संज्ञा आहे. ही शिबिरे साधारणतः रविवारी असतात, कारण उरलेले सहा दिवस ग्राहकांसाठी राखून ठेवावे लागतात. वर्धा जिल्ह्यातील बँक अधिकारी, विमा प्रतिनिधी आणि औषध कंपन्यांचे एमआर यांना मात्र या तत्त्वाच्या अभ्यासासाठी परदेशी ग्रंथ चाळण्याचे कारण नाही, कारण या विषयाची प्रयोगशाळा वर्धा शहरापासून सुमारे 8 किलोमीटरवर, सेवाग्रामला, आजही पाहावयास मिळते.

गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, आले ते खेड्यात शांतपणे राहून ग्रामसेवा करावी या हेतूने. परंतु कोणी एकांतात गेल्याची वार्ता लागताच तो एकांत पाहण्यासाठीच गर्दी लोटते, हा ग्राहकवर्गाचा नियम तेव्हाही लागू होता. पुढारी, पत्रकार, परदेशी पाहुणे, आहाराविषयी सल्ला मागणारे आणि आश्रमवासीयांमधील भांडणे मिटवून घेणारे असे सर्वच त्यांच्या मातीच्या कुटीपाशी येत. सेगावच्या नावाने निघालेली पत्रे पुष्कळदा बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जात, ही टपाल खात्याकडून लाभणारी एकमेव किरकोळ रजा होती. 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठरल्याने तीही रद्द झाली. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी थेट संपर्कासाठी आश्रमात हॉटलाइन, म्हणजे दोन ठिकाणे परस्पर जोडणारा खास दूरध्वनी, बसवून घेतला, आणि अशा रीतीने ‘साहेबांचा फोन कधीही येऊ शकतो’ ही अवस्था भ्रमणध्वनीच्या कितीतरी आधी वर्धा जिल्ह्यात अवतरली.

या रेट्यासमोर गांधीजींनी जी व्यवस्था उभी केली, ती अभ्यासकांनी टिपून घेण्याजोगी आहे. पहाटेची प्रार्थना, फिरणे, सूतकताई आणि सायंप्रार्थना यांच्या वेळा ठरलेल्या असत आणि कोणी थोर पाहुणा आला म्हणून त्या हलत नसत. उजवा हात लिहून थकला की डाव्या हाताने लिहिले जाई, ज्यास आधुनिक व्यवस्थापनशास्त्र साधनांचे इष्टतम नियोजन म्हणेल. आणि दर सोमवारी मौन पाळले जाई. हे मौन किती पक्के होते याचा पुरावा 2 जून 1947 या दिवसाने दिला. तो सोमवार होता आणि फाळणीची योजना हातात घेऊन साक्षात व्हाइसरॉय माउंटबॅटन समोर बसले होते. तरीही गांधीजींनी मौन न मोडता जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर पेन्सिलीने उत्तरे लिहून दिली. ज्या ग्राहकाच्या हाती देशाचे भवितव्य आहे तोही सोमवारी थांबू शकतो, परंतु मार्च एंडिंगच्या टार्गेटची चौकशी करणारा विभागीय अधिकारी रात्री साडेदहालाही थांबू शकत नाही, एवढी प्रगती त्यानंतर झाली आहे.

शिबिरांतील व्याख्याते येथेच थांबतात आणि ‘प्रत्येकाने आपला सोमवार शोधावा’ असा उपदेश करून मानधनाचे पाकीट स्वीकारतात. प्रयोगशाळेची दुसरी बाजू त्यांच्या स्लाइडवर येत नाही. ती बाजू म्हणजे गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई. त्यांचे बिऱ्हाड वर्ध्यात मगनवाडीला आणि कार्यालय सेगावला असल्याने वर्ध्याच्या उन्हात ते रोज साडेपाच मैल जात आणि तितकेच परत येत. पत्रव्यवहार, टिपणे, ‘हरिजन’साठी लेखन आणि पाहुण्यांची सरबराई हे सारे त्यांच्याकडेच होते, आणि रविवारची सुट्टी त्यांच्या वाट्याला नव्हती. 1938 साली त्यांची प्रकृती ढासळली, आणि 15 ऑगस्ट 1942 रोजी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना वयाच्या पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. महादेवभाईंनी हे ओझे भक्तीने आणि स्वखुशीने उचलले होते, हे निर्विवाद आहे. परंतु त्या स्वखुशीचा दाखला देऊन पगारी नोकरांकडून तीच पायपीट करवून घेणे, हा शोध नंतरच्या व्यवस्थापकांचा आहे.

या शोधाचे प्रवर्तक मोठे आहेत. 2023 मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला 70 तासांचा पल्ला सुचविला, तर 2025 च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांनी तो 90 पर्यंत नेला, आणि त्याच ओघात रविवारी घरी बसून पत्नीकडे किती वेळ पाहणार असा प्रश्नही विचारला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मंजूर झाली, तेव्हा हा प्रश्न कोणाही मालकास सुचला नव्हता, हे त्या कामगारांचे भाग्य म्हटले पाहिजे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले. मात्र संसदेने 1970 नंतर एकही खासगी विधेयक संमत केलेले नसल्याने वरिष्ठांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

निष्कर्ष असा की मौन पाळण्यास निश्चय लागतो, त्याहून अधिक अधिकार लागतो, आणि तो अधिकार ज्याच्यापाशी नाही त्याला प्राणायाम शिकवून समतोल साधत नाही. ज्या कार्यालयात सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याचा फोन रविवारी निर्धास्तपणे बंद राहू शकतो, तेथे समतोल आहे. जेथे केवळ साहेबांचा बंद राहतो, तेथे फक्त साहेब आहेत.