मामाला विचार

आमच्या गोतावळ्यात कुणाला प्रोसेसर घ्यायचा झाला की आधी मला फोन येतो. या मानाला मी कुणाला हात लावू देत नाही. "मामा, माझ्या बोर्डवर हा चालेल का?" याचं उत्तर खरं तर दोन मिनिटांचं. बोर्डाचं नेमकं मॉडेल बघायचं, कंपनीच्या साइटवरची सपोर्ट लिस्ट उघडायची, आपला प्रोसेसर आणि त्याच्यापुढचं बायोस व्हर्जन वाचायचं. पण एवढ्यात आटोपलं तर मामाची किंमत काय राहणार? म्हणून मी घसा साफ करून विचारतो, "सॉकेट कुठला?"

परवा धाकट्या बहिणीच्या मुलाचा फोन. बी४५० बोर्ड, त्यावर रायझन ५ २६००, हवाय ५६००. दोन्ही एएम४. "बसेल," मी म्हणालो, "पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं." आणि घसरलो इंटेलवर. तो विषय कुणी काढला नव्हता. २०१५ साली एलजीए ११५१ सॉकेट आलं, त्यावर सहावी-सातवी पिढी सुखाने नांदली. २०१७ मध्ये आठवी आली. सॉकेटचं नाव तेच, पिना तेवढ्याच, प्रोसेसर जुन्या बोर्डात अलगद बसायचा, आणि स्क्रीन काळी! काही पिनांची कामं आतल्या आत बदललेली. घ्या नवा बोर्ड. पुढे हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून, पिनांना चिकटपट्ट्या लावून तीच पिढी जुन्या बोर्डांवर चालवून दाखवली. इथे माझा आवाज चढतो, आणि तो नाटकी नसतो. एक कपॅसिटर फुगलेला नाही, हप्ते नुकते फिटलेत, आणि असा धडधाकट बोर्ड भंगारात जातो, याचा मला खरंच राग येतो.

एएमडीही काही संत नव्हे. २०२० च्या मे महिन्यात त्यांनी सांगून टाकलं, बी४५० ला पुढची पिढी मिळणार नाही, बायोसच्या चिपमध्ये जागा पुरत नाही. गिऱ्हाइकांनी असा गलका केला की थोड्याच दिवसांत जागा झाली.

"तर बाळा, जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस अपडेट कर. नाहीतर बोर्ड नव्याला ओळखच देणार नाही. मध्येच वीज जायला नको, यूपीएस लाव. आणि कूलर हिसडून ओढू नकोस. थोडा वेळ मशीन चालव, पेस्ट ऊन होऊ दे, मग डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडव. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटातून उपटून येतो. पोटाखाली १३३१ पिना आहेत. एक वाकली की मेकॅनिकल पेन्सिलीच्या रिकाम्या टोकात धरून सरळ करत बसावं लागतं."

"मामा, ते सगळं रविवारीच झालं. ५६०० मस्त चालतोय."

"मग विचारलंस कशाला?"

"आई म्हणाली, मामाला विचार. त्याला बरं वाटतं."

"बरं," मी म्हणालो, "बायोस कुठलं टाकलंस?"